गाळलेलीं दहा वर्षें

शि. म. परांजपे यांनीं 'मानाजीराव' या रूपानें मराठी रंगभूमीवर आणलेलें शेक्सपिअरचें 'मॅक्बेथ' इंग्रजीच्या वरच्या वर्गांत शिकविण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्यावर विद्यार्थी जीं उत्तरें लिहितात तींही तितकींच जुनीं. पाप केलें, शासन झालें, सबब लोभ करूं नये! महाविद्यालयांत येणारीं मुलें हें तात्पर्य घोकूनच आमच्याकडे येतात. कांहीं वर्षांपूर्वीं एका माध्यमिक शाळेंत आठवडाभर हें नाटक शिकविण्याचा प्रसंग आम्हांवर आला. तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें उठून विचारलें, "सर, इतिहासांत तर त्यानें सतरा वर्षें राज्य केलें असें आहे. मग शासन तें कुठें झालें?" 'नाटक तें नाटक, इतिहास तो इतिहास' अशा मासल्याचें कांहीं तरी बोलून आम्हीं वेळ मारून नेली. त्या उत्तराची आठवण झाली म्हणजे अजूनही संकोच वाटतो.

मुलाचें म्हणणें खरें होतें. स्कॉटलंडचा राजा डंकन हा वृद्ध नव्हता, व पाहुणा म्हणून निजला असतां मारलाही गेला नाहीं. इ. स. १०४० मध्यें मॅक्बेथाशीं झालेल्या झगड्यांत तो एल्गिनजवळ पडला. पुढें १०५७ पर्यंत मॅक्बेथानें राज्य केलें. १०५० त त्यानें रोमची यात्रा करून तेथील गोरगरिबांस मुक्तहस्तानें द्रव्य वांटलें. आसन डळमळीत असलेला राजा इतक्या दूर यात्रेस जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. ज्या होलिन्शेडच्या बखरीवरून शेक्सपिअरनें कथानक घेतलें, तींतसुद्धां मॅक्बेथ पहिलीं दहा वर्षें चांगले कायदे करून न्यायानें राज्य चालवितो, आणि बँको त्याच्या कटांत सामील असतो. निजलेल्या राजाचा खून हा त्याच बखरींतील निराळ्या राजाचा, डफ याचा आहे. डॉनवाल्ड नांवाच्या सरदारानें तो बायकोच्या चिथावणीवरून करविला. १६०६ च्या सुमारास शेक्सपिअरनें या दोन गोष्टी एकत्र गुंफल्या, बँकोस निर्दोष केलें (गादीवरचा राजा जेम्स हा स्वतःस बँकोचा वंशज समजत असे, हें येथें विसरूं नये) आणि तीं सुराज्याचीं दहा वर्षें अजीबात गाळून टाकलीं.

तीं कां गाळलीं, हा प्रश्न शिक्षकानें वर्गापुढें अवश्य ठेवावा. कृत्य आणि त्याचें फळ हीं प्रेक्षकास एकाच नजरेच्या टप्प्यांत दिसावींत, याकरितां तीं गाळलीं असें आम्ही समजतों. इंग्रजींत ज्यास 'ड्रमॅटिक आयरनी' म्हणतात, तिचें कामही हेंच. १८३३ सालीं केंब्रिजच्या कॉनप थर्लवॉल यानें सोफोक्लीझवरील निबंधांत 'आयरनी' हा शब्द नाटकाच्या संबंधानें या अर्थाकडे वळविला. वस्तु मात्र सोफोक्लीझइतकी प्राचीन आहे, आणि आपल्या नाट्यशास्त्रांतील पताकास्थानक तिचें निकटचें आप्त होय. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत, सीतेचा विरह तेवढा आपणांस असह्य असें राम म्हणतो न म्हणतो, तोंच प्रतीहारी 'आला' अशी वर्दी देते. आलेला असतो दुर्मुख, आणि त्याच्याच तोंडचा लोकापवाद ऐकून राम सीतेचा त्याग करितो. आतां 'मॅक्बेथ' पाहा. ज्याच्यावर आपण पूर्ण विश्वास टाकला तोच सरदार फितूर निघाला, असा खेद डंकन करीत आहे, आणि नेमका त्याच क्षणीं त्या सरदाराची पदवी नुकतीच मिळालेला मॅक्बेथ आंत येतो. राजा त्यास प्रेमानें जवळ करितो. त्याच्या मनांत काय शिजत आहे, तें वर्गांतील प्रत्येक मुलास माहीत असतें; राजास तेवढें माहीत नसतें. भवभूतीचा श्लोक ज्यानें घरीं ऐकला आहे, त्या मुलास हें स्थळ समजावून सांगावें लागत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

परंतु मुलांस नेहमींच पात्रांहून अधिक ठाऊक असतें असें नाहीं. खुनानंतर थोड्याशा पाण्यानें हात स्वच्छ होतील, असें मॅक्बेथची पत्नी सहज बोलून जाते, तेव्हां वर्गासही तें पटतें. पांचव्या अंकांत तीच बाई झोपेंत चालत येऊन हात चोळूं लागली, म्हणजे मुलें मागचीं पानें चाळूं लागतात. तीं चाळूं द्यावींत. त्या वेळीं शिक्षकानें बोलूं नये.

मॅक्बेथाचें खरें शासनही तलवारीचें नव्हे; रणांत तर भलेबुरे पुष्कळ राजे पडले. त्याचें शासन झोप उडण्याचें आहे, आणि या झोपेचा मागही पुन्हा बखरींतच लागतो. तींत केनेथ नांवाचा एक राजा आहे. त्यानें आपल्या पुतण्यास विष देऊन मारविलें. कोणास पत्ता लागला नाहीं, आणि राज्यही तो उत्तम करीत राहिला. पण एके रात्रीं अंथरुणावर असतां त्यास एक वाणी ऐकूं आली कीं, तुझें कृत्य देवापासून लपलेलें नाहीं. त्या रात्रीं त्याचा डोळ्यास डोळा लागला नाहीं.

हें त्या मुलास सांगावयास हवें होतें. पुढल्या वर्षीं त्या शाळेंत पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हां तो शाळा सोडून गेला होता. त्या दिवशीं आम्हीं वर्गास अगोदर केनेथची गोष्ट सांगितली, आणि मग दुसरा अंक उघडला.