चरणदासाची राणी

जून २०१८ मध्ये ‘धडक’ या हिंदी चित्रपटाची पहिली झलक लोकांसमोर आली, तेव्हा मराठी प्रेक्षकांच्या एका वर्गाने जो रोष प्रकट केला, तो निव्वळ प्रादेशिक अभिमानाचा उद्गार म्हणून बाजूला सारता येत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) या प्रेक्षकांनी आपला मानला होता. हिंदी रूपांतरात अकलूजच्या रिंकू राजगुरू हिच्या जागी मुंबईच्या चित्रपटघराण्यातील जान्हवी कपूर आली, उन्हात रापलेल्या चेहऱ्यांच्या जागी उजळ चेहरे आले, आणि कथेचा कणा असलेली जात ओझरत्या उल्लेखापुरती उरली. पडद्यावरचे माणूस कोणी व्हावे, हा या रोषातील मुख्य प्रश्न होता.

पाश्चात्त्य चित्रसृष्टीत या व्यवहाराला ‘व्हाइटवॉशिंग’ म्हणतात. ‘द गुड अर्थ’ (१९३७) मध्ये चिनी शेतकरी दांपत्य पॉल म्युनी आणि लुईझ रायनर या गोऱ्या नटांनी साकारले आणि रायनरला त्यासाठी ऑस्करही मिळाले. पुढे २००८ च्या अखेरीस ‘द लास्ट एअरबेंडर’ची नटनिवड जाहीर झाली, तेव्हा मूळ आशियाई वळणाच्या मालिकेच्या चाहत्यांनी चित्रपट तयार होण्यापूर्वीच निषेधाची पत्रे धाडली. ‘सैराट’चे प्रकरण मात्र या शब्दात पुरते मावत नाही. आर्ची ही पाटलाची मुलगी. वर्ण सावळा, जात वरची. आपल्याकडे वर्ण आणि जात यांचे गणित असे सरळ सुटत नाही; म्हणून केवळ कातडीच्या रंगावर बेतलेली चर्चा येथे लवकरच लंगडी पडते. या गुंतागुंतीचा अधिक खोल असा पूर्वेतिहास शोधायचा, तर छत्तीसगढातील भिलाईकडे वळावे लागते.

भिलाई हे नाव पोलादाशी जोडलेले आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि दुर्ग जिल्ह्याच्या भातखाचरांमध्ये देशभरातील माणसांचे एक नगर वसले. याच नगरात १९७४ मध्ये हबीब तनवीर यांनी ‘नाचा’च्या कलावंतांचे शिबिर घेतले. नाचा म्हणजे छत्तीसगढचे रात्रभर चालणारे लोकनाट्य. विदर्भातील खडी गंमत पाहिलेल्यास त्याची जातकुळी सहज ओळखता येईल. विजयदान देथा यांनी लिहिलेली, राजस्थानी लोककथेवर आधारलेली एका सत्यवचनी चोराची गोष्ट तनवीर यांनी या नटांपुढे ठेवली. शिबिराच्या शेवटी भिलाईच्या मोकळ्या मैदानात सतनामी समाजाच्या मेळ्यासमोर तिचे कच्चे रूप ‘चोर चोर’ या नावाने सादर झाले. गुरू घासीदासांचा हा पंथ सत्यालाच ईश्वर मानतो. खोटे न बोलण्याच्या व्रतापायी मरणाऱ्या चोराची कथा त्याच्यासमोर उभी राहिली, आणि त्याचीच पंथी गीते व नृत्य पुढे नाटकाचे अविभाज्य अंग झाले. प्रेक्षक येथे केवळ पाहणारा उरला नाही. कथेच्या घडणीत त्याचा हात होता.

या ठिकाणी तनवीर यांच्या आधीच्या एका चुकीचे स्मरण उचित ठरेल, कारण तिची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी छत्तीसगढचे सहा नट दिल्लीस नेले. नट अस्सल, परंतु त्यांच्या तोंडी हिंदी घातली गेली आणि लंडनच्या नाट्यविद्यालयात शिकलेल्या शिस्तीने त्यांच्या हालचाली आखून दिल्या गेल्या. गावच्या मांडवात धबधब्यासारखे कोसळणारे हे नट तेथे अवघडून गेले. दोष नटांत नसून परक्या भाषेत आणि आखीव चालीत आहे, हे दिग्दर्शकाला उमगायला सत्तरीचे दशक उजाडावे लागले. चेहरा मूळचा ठेवून जीभ उसनी देणे, हाही रंग फासण्याचाच एक प्रकार होय. नटनिवडीच्या वादात याची दखल क्वचितच घेतली जाते.

१९७५ मध्ये बालचित्र समितीसाठी श्याम बेनेगल यांनी ‘चरणदास चोर’ चित्रित केला. चोर झाला लालूराम, त्याचा जोडीदार मदनलाल. दोघेही नाचाच्या फडातले. मुंबईच्या कोणा लोकप्रिय नायकास हाती धरण्याचा मोह बेनेगल यांनी टाळला, हे त्या काळाच्या मानाने मोठेच धैर्य होते. मात्र राणीच्या, म्हणजे चित्रपटातील राजकन्येच्या, भूमिकेत आली स्मिता पाटील. पुण्यात वाढलेली, मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी, वीस वर्षांची मराठी मुलगी. सत्ताधीश स्त्री चोराच्या जगाला परकी असणारच, तेव्हा तिचा चेहराही परका असणे युक्तच, असा युक्तिवाद करता येईल. तो चतुर आहे, पण पटणारा नाही. रंगमंचावर फिदाबाईंसारखी लोकपरंपरेतून आलेली अभिनेत्री राणी झाली, तेव्हा राणी आणि चोर यांच्यातील अंतर अभिनयातून निर्माण होत होते. एकाच मातीतील दोन माणसांमध्ये सिंहासन कसे उभे राहते, ते दिसत होते.

स्मिता पाटील यांच्या गुणवत्तेचा प्रश्न येथे नाही. उजळ नायिकांच्या हिंदी पडद्यावर त्यांचा सावळा चेहरा हा स्वतःच एक प्रतिवाद होता. मात्र त्या प्रतिवादाच्या आड दुसरी गोष्ट झाकली गेली. ‘मंथन’मधील (१९७६) दलित बिंदू त्याच झाल्या आणि गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकर चिंधीही त्याच. तेथे तर नाग्याही पुण्याच्या नाट्यवर्तुळातील मोहन आगाशे यांनी केला. सावळेपणा मिळाला की दलित-आदिवासी पात्राला न्याय मिळाला, असे जाणत्या समीक्षेनेही गृहीत धरले. ठाकरवाडीतून त्याविरुद्ध आवाज उठल्याची नोंद मराठी चित्रसमीक्षेत सहसा आढळत नाही. पण ठाकरांचे मत विचारण्याची रीत तरी कोठे होती?

भिलाईच्या मेळ्यातील पंथाचे मत मात्र पुढे मोठ्याने ऐकू आले, तेही अनपेक्षित दिशेने. १९८२ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ हा मान मिळवणाऱ्या या नाटकाच्या पुस्तकावर सतनामी समाजातील काहींनी आक्षेप घेतला आणि २००९ मध्ये छत्तीसगढ शासनाने त्यावर बंदी घातली. ८ जून २००९ रोजी तनवीर निवर्तले होते. बंदी आली ती त्यानंतर थोड्याच काळात. आपल्या पंथाचे नाव चोराशी जोडले जावे, हे आक्षेपकांना मान्य नव्हते. कलास्वातंत्र्याच्या पक्षाने ही बंदी निषेधार्ह ठरवली, ते योग्यच. परंतु ‘सैराट’च्या चाहत्यांचा रोष रास्त आणि सतनाम्यांचा अडाणी, अशी वाटणी करणाऱ्यास दोन्हींतील साम्य दिसलेले नसते. एकाला आपला चेहरा पडद्यावरून पुसला गेल्याची तक्रार होती, दुसऱ्याला आपली ओळख नको त्या माणसाला चिकटल्याची. पहिल्याचे कोणी ऐकले नाही, ‘धडक’ने तिकीटबारीवर यश मिळवले; दुसऱ्याचे शासनाने ऐकले, आणि ते ऐकण्यात १९७४ च्या त्या मैदानावरील प्रेक्षकांना कोणी विचारले नाही. ‘नया थिएटर’ने पुढेही नाटकाचे प्रयोग केले, त्यांत पंथी गीते होतीच.