पवित्र शनिवार

येशू ख्रिस्ताच्या दफनाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांमधील दिवस. ख्रिस्ती उपासनावर्षातील हा सर्वांत मौनाचा दिवस होय. चारही शुभवर्तमानांत दफनाची हकीकत आहे; शनिवारविषयी मात्र ती जवळजवळ मूकच आहेत.

येशूचा मृत्यू शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास झाला. त्याचे वर्ष इ. स. ३० किंवा ३३ मानतात. ज्यू कालगणनेत दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि शनिवार हा शब्बाथ म्हणजे सक्तीच्या विश्रांतीचा दिवस. शिवाय टांगलेल्या गुन्हेगाराचे प्रेत रात्रभर तसेच ठेवू नये, असा अनुवादाच्या पुस्तकात (२१ : २२–२३) दंडक आहे. त्यामुळे दफन अवघ्या दोनतीन तासांत उरकावे लागले. अरिमथाईकर योसेफ या प्रतिष्ठित सभासदाने रोमन सुभेदार पिलात याच्याकडून प्रेत मागून घेतले आणि ते तागाच्या वस्त्रात गुंडाळून थडग्यात ठेवले. योहानाच्या मते निकदेमाने गंधरस व अगरू यांचे मिश्रण आणले होते. त्याचे वजन आजच्या मापाने ३० किग्रॅ.हून अधिक भरते. ‘थडगे’ या शब्दाने मराठी वाचकापुढे जमिनीत खणलेली कबर उभी राहते, ती येथे गैरलागू आहे. खडकात कोरलेली लहान खोली व तिच्या तोंडावर लोटलेली धोंड असे तिचे स्वरूप होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाने लेण्यातील भिक्षूच्या खोलीवरून तिची कल्पना करणे अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र जेरूसलेमचा खडक बेसाल्ट नसून चुनखडीचा आहे.

तपशिलांत शुभवर्तमानांचे एकमत नाही. लूकच्या मते स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये शब्बाथापूर्वीच तयार केली, तर मार्कच्या मते ती शब्बाथ संपल्यावर विकत घेतली. थडग्यावर मोहर लावून पहारा बसविल्याची शनिवारची घटना एकटा मत्तय सांगतो. दफनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख मात्र शुभवर्तमानांतला नव्हे, तर संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील (सु. ५४) आहे आणि त्यात योसेफाचे नाव नाही. क्रुसावर दिलेल्यांची प्रेते रोमन अधिकारी सहसा तशीच टाकून देत, या कारणास्तव काही अभ्यासकांनी दफनाविषयीच शंका घेतली. तथापि ज्यू लोक अशी प्रेते सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरत, असे जोसीफस या पहिल्या शतकातील इतिहासकाराने नमूद केले आहे. १९६८ मध्ये जेरूसलेमजवळ एका अस्थिपेटीत खिळा रुतलेले टाचेचे हाड सापडले. ते क्रुसावर दिलेल्या येहोहानान नावाच्या माणसाचे होते. असे दफन अशक्य नव्हते, एवढे त्यावरून निश्चित होते. येशूच्या बाबतीत त्यावरून अधिक काही सिद्ध होत नाही. सम्राट कॉन्स्टंटीनने या थडग्याच्या मानलेल्या जागी बांधविलेल्या चर्चचे समर्पण ३३५ मध्ये झाले.

या दिवशी ख्रिस्त अधोलोकात उतरून पूर्वीच्या नीतिमानांस भेटला, ही श्रद्धा प्रेषितांच्या मतांगीकारात समाविष्ट आहे. कॅथलिक प्रथेनुसार दिवसभर मिस्सा होत नाही व वेदी उघडी असते. रात्री नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती व बाप्तिस्मा यांसह जागरण होते. कित्येक शतके हे रात्रीचे जागरण शनिवारी सकाळीच उरकले जाई. भर उन्हात मेणबत्ती पेटवून रात्रीचे स्तवन गाण्यातील विसंगती उघड होती. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये जागरण रात्री करण्यास प्रायोगिक परवानगी दिली व नोव्हेंबर १९५५ च्या आज्ञेने ते पुढील वर्षापासून सर्वत्र लागू केले.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा योगायोग लक्षणीय आहे. वऱ्हाडातील कॅथलिकांसाठी, बुलढाण्यासह, नागपूरपासून वेगळा असा अमरावती धर्मप्रांत मे १९५५ मध्ये, म्हणजे त्या वर्षीचा ईस्टर होऊन गेल्यावर, स्थापन झाला. साहजिकच त्याचा पहिला पवित्र शनिवार ३१ मार्च १९५६ हा होय आणि तो नव्या विधीनेच आला. तेव्हा विधीची भाषा लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केल्यानंतर मराठीचा वापर सुरू झाला. जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट समाजाची घडण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, बुलढाणा येथे आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनच्या प्रभावाखाली झाली. या परंपरेचा भर शुक्रवारचे प्रवचन व ईस्टरची उपासना यांवर असून शनिवारास स्वतंत्र विधी नाही.

मराठीत ही कथा वऱ्हाडात हे मिशन येण्यापूर्वी सुमारे पावणेतीनशे वर्षे सांगितली गेली होती. फादर टॉमस स्टीफन्स यांच्या, गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध आहे. मूळ ग्रंथ रोमन लिपीत असल्याने घाटावरच्या वाचकांस तो दीर्घकाळ अपरिचितच राहिला. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये, म्हणजे नव्या जागरणाच्याच वर्षी निघाली.