चायनाटाऊनची कथाकार
1882 मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले. आधीच तिथे राहणाऱ्यांनाही पावलोपावली कागद दाखवावे लागत. त्यांची सुखदुःखे कथेत आणली एडिथ मॉड ईटन या लेखिकेने.

1865 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एडिथचे वडील इंग्रज, आई चिनी. बालपण गेले कॅनडातील माँट्रियलमध्ये. चेहऱ्यावरून ती सहज गोरी म्हणून खपली असती. तिने मात्र ‘सुई सिन फार’ हे चिनी नाव घेतले.

‘मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स’ हा तिचा कथासंग्रह 1912 मध्ये शिकागोहून निघाला. त्यातल्या एका कथेत चीनमधून आईबरोबर आलेल्या लहानग्या मुलाला, कागद नाहीत म्हणून, बंदरावरच अडवतात आणि आईपासून दूर एका मिशनमध्ये ठेवतात. वकिलाची फी भागवायला आई अंगावरचे दागिने उतरवून देते. दहा महिन्यांनी परवानगी येते, तेव्हा मूल आईला ओळखत नाही. मिशनमधल्या गोऱ्या बाईच्या झग्याआड लपते. कायद्याची खरी किंमत कोणी मोजली, हे ही कथा ठामपणे सांगते.

1914 मध्ये लेखिका माँट्रियलमध्ये वारली. तिच्या थडग्यावर तिथल्या चिनी लोकांनी कृतज्ञतेने स्मृतिशिळा उभारली. तो कायदा रद्द व्हायला मात्र 1943 साल उजाडले.