ग्रंथालयाची मागणी आणि मान्यतेचा प्रश्न

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा मोजतो, वसतिगृहे मोजतो, पदवीधर मोजतो. ग्रंथालये मात्र मोजत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे ग्रंथाला हात लावू दिला नाही, त्या समाजाने आपल्या मुक्तीचा हिशेब ग्रंथालयावाचून मांडावा, ही साधी चूक नव्हे. शाळा अक्षर देते, पण त्या अक्षराचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य ग्रंथालय देते. म्हणून ग्रंथालयाची मागणी ही आपल्याकडे प्रथमपासूनच सामाजिक मागणी राहिली आहे.

या मागणीचा आरंभ एका मुलीपाशी जातो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. तिच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. बक्षीस समारंभात खाऊ आणि खेळणी पुढे आली, तेव्हा तिने ती नको म्हणून शाळेसाठी ग्रंथालय मागितले. या आठवणीचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. बक्षीस म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेली शाबासकी. मुलीने ती नाकारली आणि जागी हक्क मागितला. शालेय ग्रंथालयाची आपल्या इतिहासातील पहिली मागणी ही अशी, शाबासकी नाकारून पुढे आलेली आहे.

नागपूरची भूमी या बाबतीत मागे नव्हती. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ साली येथे चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९१० पासून त्यांनी छापखाना आणि वृत्तपत्रे यांचा खटाटोप केला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘मजूर पत्रिका’ ही त्यांची पत्रे. शाळा आणि छापखाना एकाच माणसाने उभारावेत, यात मोठा विचार आहे. वाचणारा तयार करायचा आणि त्याला वाचायला आपले काही द्यायचे, ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली.

जाईबाई चौधरी यांची कथा याच वाटेवरची. कामठीच्या स्टेशनवर हमाली करणारी ही स्त्री मिशनच्या बाईंच्या साहाय्याने शिकली, शिक्षिका झाली, आणि अस्पृश्य शिक्षिका नको म्हणून सवर्ण पालकांनी ओरड करताच नोकरीला मुकली. तिने १९२२ साली नागपुरात स्वतःची मुलींची शाळा उभी केली. पुढे १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली. शैक्षणिक कार्यकर्त्या म्हणून जाईबाई तेथे गेल्या आणि जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसवण्यात आले. दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा भरवून त्याचा निषेध केला. मान्यता म्हणजे काय, हे या प्रसंगाइतके दुसरे काही स्पष्ट करत नाही. परिषदेने काम मान्य केले होते. माणूस मान्य केला नव्हता. पुढे जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिलांची स्वतंत्र परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. दुसऱ्याच्या पंगतीत जागा मागण्यापेक्षा आपण आपली पंगत मांडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबरच ग्रंथालये आणि अभ्यासमंडळे काढणे हे स्पष्ट शब्दांत होते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे तळ्याच्या पाण्याआधी तीन वर्षे आपल्या जाहीरनाम्यात पुस्तक आले होते. आज दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारा शेतमजूर परतताना पिशवीतून पुस्तक नेतो, ते याच परंपरेचे फळ आहे.

आता वर्तमानाकडे वळू. माझे वडील सायकल-रिक्षा चालवत. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. मी जे काही झालो, त्याचे निम्मे श्रेय उत्तर नागपुरातील माझ्या शाळेच्या जिन्याखालच्या खोलीला आहे. तेथे एक अर्धवेळ ग्रंथपालबाई होत्या. अनामत न घेता पुस्तक घरी देत. फाटलेले पुस्तक सुई-दोऱ्याने शिवत. मे महिन्यात शाळा बंद असे, पारा पंचेचाळीसवर जाई, तरी सकाळी सात ते नऊ ती खोली उघडी असे. शनिवारी मोठ्या वर्गातली मुलगी वस्तीतल्या आयांना मोठ्याने वाचून दाखवी. पुस्तक हरवले तर बाई एवढेच विचारत, ‘वाचून झालं होतं का रे?’ त्या यंदा निवृत्त होत आहेत. त्यांच्यामागे ते पद भरले जाईल, याची शाश्वती नाही. पद गेले की खोली जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी ठरवले की या ग्रंथालयाला कुठेतरी मान्यता मिळवून द्यावी. नियम चाळले. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळते. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांसाठी राज्याचा उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने आहे. शाळेचे ग्रंथालय या चौकटीत येतच नाही. दुसरीकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रे आणि गोष्टींची पुस्तके असावीत असे लिहिले आहे. ग्रंथपालाचा शब्द त्यात नाही. पुस्तक अनिवार्य, पुस्तक हाती देणारा माणूस ऐच्छिक! अमेरिकेत उत्कृष्ट शालेय ग्रंथालयाला राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. ज्या देशात एका मातंग मुलीने खाऊ सोडून ग्रंथालय मागितले असे आपण अभिमानाने सांगतो, तेथे तिच्या नावाने असा सन्मान का असू नये?

कुणी म्हणेल, पुरस्काराच्या मागे लागणे ही प्रस्थापितांची वृत्ती झाली. आक्षेप खोटा नाही. शाल-श्रीफळाने एकही पुस्तक विकत येत नाही. पण येथे प्रश्न गौरवाचा नसून नोंदीचा आहे. ज्याची नोंद नाही ते मोडताना कुणाला जबाब द्यावा लागत नाही. आपला सगळा इतिहास याचा साक्षीदार आहे. मुलींनी मोजलेली पुस्तके, उन्हाळ्यातली ती सकाळ, आयांची ती शनिवारची बैठक कागदावर आली, तर उद्या खोलीला कुलूप लावणाऱ्याला निदान कारण द्यावे लागेल.

तेव्हा मागणी दुहेरी असली पाहिजे. शासनाने शालेय ग्रंथालयांसाठी मुक्ता साळवे यांच्या नावाने स्वतंत्र सन्मान सुरू करावा. तो देताना कपाटातली पुस्तके न मोजता घरी गेलेली पुस्तके मोजावीत, आणि सन्मानाबरोबर ग्रंथपालाचे पद पक्के करावे. दुसरी मागणी आपली आपल्याकडे आहे. जयंतीच्या मंचावर पुढाऱ्यांना हार घालणाऱ्या आपल्या मंडळांनी एक हार या बाईंसाठी राखला आहे काय? जाईबाईंचा अपमान झाला, तेव्हा आपल्या स्त्रियांनी दुसऱ्या कुणाच्या ठरावाची वाट पाहिली नाही. आम्ही माजी विद्यार्थी येत्या रविवारपासून त्या खोलीची नोंदवही उतरवून घेत आहोत. बाईंनी पहिली जुनी वही काढून ठेवली आहे.