जीन्सची बेतणी : योक ते इलास्टेन

20 मे 1873 रोजी नेवाडातील रिनो येथील शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना अमेरिकेत पेटंट मिळाले, ते विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांची शिवण उसवू नये म्हणून तेथे धातूची रिव्हेट ठोकण्याच्या युक्तीबद्दल. या विजारीच्या जन्मकाळी विचार होता तो टिकाऊपणाचा, बांध्याचा नव्हे. ती ढगळ असे, गॅलिसने खांद्यावर पेलली जाई, आणि कंबर आवळण्यासाठी मागे बकलाची पट्टी असे. न आकसवलेले डेनिम धुतल्यावर आटत असल्याने काही जण नवी जीन्स अंगावर भिजवून तशीच वाळू देत, म्हणजे कापडच अंगाचा आकार घेई.

नेहमीच्या कपड्याला आकार देण्यासाठी शिंपी टक्स, म्हणजे निमुळत्या चिमट्या घालतो; परंतु जाड डेनिमवर त्या फुगतात, म्हणून ते काम योककडे आले. योक म्हणजे कंबरपट्ट्याखाली मागे जोडलेला, मध्याकडे खाली उतरणारा तुकडा. त्याच्या जोडशिवणीतच चिमटीचा वळसा सामावतो आणि कंबर व नितंब यांतील फरक कापडात उतरतो. हा उतार खोल असेल तर नितंब उचलल्यासारखे व गोलसर दिसतात, उथळ असेल तर सपाट. मागच्या खिशांचेही तसेच आहे : लहान व दूरदूर बसवले की मागची बाजू रुंद भासते.

स्त्रियांच्या बांध्यासाठी वेगळी बेतणी लेव्ही स्ट्रॉसच्या कंपनीने 1934 मध्ये ‘लेडी लेव्हीज’ या नावाने आणली, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुर्जानी समूहाने अमेरिकी धनाढ्य घराण्यातील ग्लोरिया व्हँडरबिल्टच्या नावाची, नितंबांवर चपखल बसणारी जीन्स विकून ‘डिझायनर जीन्स’ हा प्रकार रूढ केला.

पुढची पायरी मात्र कात्रीने नव्हे, सुताने गाठली. जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यूपाँ कंपनीत 1958 मध्ये तयार केलेला, लायक्रा या नावाने विकला गेलेला इलास्टेन हा ताणला जाणारा धागा कापसाने वेढून बाण्यात, म्हणजे आडव्या सुतात घातला, की डेनिम रुंदीकडे ताणते आणि पुन्हा आवळते. त्यासाठी त्याचे प्रमाण दोन-तीन टक्केही पुरते. त्यामुळे शिंप्याच्या मापातील उणीव सूत भरून काढू लागले, परंतु वापराने त्याचा ताण सैलावला की गुडघ्यांवर पोंगे येतात, आणि अशा वेळी आकार टिकवण्याचा भार पुन्हा योक व शिवणीवरच येऊन पडतो.