कोकमतेल का गोठते? तेलातल्या आम्लांची गोष्ट



देवगडच्या पट्ट्यात नारळ, उंडी आणि कोकम ही तिन्ही झाडे आपल्या ओळखीची. तिन्हींपासून तेल निघते, पण तिन्ही तेलांचा स्वभाव निराळा. उंडीचे तेल पातळ. खोबरेल तेल थंडीतल्या सकाळी गोठते आणि ऊन चढले की सुटते. कोकमतेल, ज्याला कुणी मुठेल तर कुणी भिरंडेल म्हणतात, ते मे महिन्याच्या उकाड्यातही गोळाच राहते.

हा स्वभाव ओळखून वाडवडिलांनी कामे वाटून दिली होती. उंडीचे कडू तेल दिव्याला आणि होड्यांच्या लाकडाला. खोबरेल जेवणात आणि डोक्याला. कोकमतेल पायांच्या भेगांना. पुढे रॉकेल आले आणि उंडीच्या तेलाचे दिवे मागे पडले.

कोणते तेल कसे वागते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. का वागते, याचा उलगडा दूर फ्रान्समध्ये झाला. तिथे मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने बरीच वर्षे चरबी आणि साबणावर प्रयोग केले आणि १८२३ साली त्यावर ग्रंथ छापला. तेल किंवा चरबी म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली आम्ले, हे त्याने दाखवून दिले. त्यातल्या एका पातळ आम्लाला नाव मिळाले ओलेइक. लॅटिन भाषेत तेलाला ओलियम म्हणतात, त्यावरून हे नाव. घट्ट आम्ल ते स्टिअरिक. या घट्ट आम्लाच्या मेणबत्त्या करण्याचे पेटंट शेव्रल आणि गे-ल्युसॅक यांनी १८२५ साली घेतले.

स्टिअरिक आम्ल वितळायला सुमारे ७० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ओलेइक १५ अंशांच्या आसपासच पातळ होते. आता आपल्या तेलांकडे बघा. कोकमतेलाच्या १०० भागांत स्टिअरिक साधारण ५० ते ६० आणि ओलेइक ३५ ते ४० भाग. म्हणून ते ४० अंशांच्या आसपास वितळते. उंडीच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन पातळ आम्लेच जास्त, म्हणून ते वाहते. खोबरेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. ओलेइक त्यात अगदी थोडे.

ओलेइकचा आणखी एक गुण आहे. लिनोलेइकला हवा लवकर लागते आणि तेल खवट होते. ओलेइक त्यापेक्षा पुष्कळ टिकते. म्हणूनच जास्त ओलेइकचे भुईमूग मुद्दाम पैदा केले गेले. २०२० साली आपल्या देशात आलेल्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या वाणांच्या तेलात ओलेइक ८० टक्क्यांच्या घरात असते.

कोकमात ओलेइक त्याहून कमी. पण तिथे त्याची जागा मोलाची आहे. कोकमतेलाच्या बहुतेक कणांत मध्ये ओलेइक आणि दोन्ही बाजूंना स्टिअरिक, अशी जोडणी असते. चॉकलेटातल्या कोको बटरची जोडणीही याच धाटणीची. त्यामुळे युरोपीय संघाने २००० साली नियम केला, की चॉकलेटात कोको बटरखेरीज ठरावीक सहा वनस्पतींची स्निग्धे ५ टक्क्यांपर्यंत घालता येतील. त्या सहांत कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे. आपण उकिरड्यावर टाकतो त्या दोन वस्तू!

मग अडते कुठे? अडते ते मिरगाच्या पावसात. बी ओली राहिली की तिच्यातले विकर तेलाची जोडणी सोडवू लागते आणि आम्ले मोकळी होतात. अशा तेलाला वास येतो आणि भाव पडतो. तपासणीच्या कागदावर ‘मुक्त स्निग्धाम्ल, ओलेइक म्हणून’ असा आकडा असतो, तो याच मोकळ्या आम्लाचा. जोडलेले ओलेइक ही आपली कमाई. सुटलेले ओलेइक हा आपला तोटा. तेव्हा एवढे सांभाळा:

१. रातांबे फोडले की बिया साठवून ठेवू नका. त्याच दिवशी धुऊन गर काढा आणि उन्हात पातळ पसरा.

२. पाऊस लागण्याआधी बिया कडकडीत वाळवा. ओलसर बी पोत्यात भरू नका, जमिनीला टेकवून ठेवू नका.

३. घरी तेल काढायचे तर वाळलेली बी फोडून, कुटून पाण्यात उकळा. वर आलेला तवंग काढून घ्या आणि निवला की मुठीत वळा. बियांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास तेल असते.

४. कोयीच्या वाळलेल्या गरात तेल १०० भागांत ७ ते १२ एवढेच, त्यामुळे ते घरी काढणे परवडत नाही. कोयी विकायच्या तर आधी गिऱ्हाईक ठरवा, मग फोडून गर लगेच वाळवा.

५. उंडीचे तेल खाण्यात आणू नका. पातळ आहे, ओलेइक आहे, म्हणून ते खाण्याजोगे होत नाही.

बिया विकताना चार घरांनी माल एकत्र करावा आणि वाळवणही सारखे ठेवावे. एकाची ओली बी सगळ्यांच्या मालाचा भाव पाडते.