नगरचा समुद्र

नगरला इतिहास शिकवताना मुलांना मी हमखास विचारतो, निजामशाहीचं बंदर कोणतं? भुईकोट किल्ला, फराहबाग, चांदबीबी सगळं त्यांना ठाऊक असतं. बंदराचं उत्तर मात्र क्वचितच येतं. येणार कुठून? समुद्र इथून रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून लांब. पण ते बंदर म्हणजे चौल, आणि चौल वगळलं तर नगरचा निम्मा इतिहास समजत नाही, हे माझं ठाम मत आहे.

चौल अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदीच्या मुखाशी. १४६९ साली अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. विकायला एक घोडा आणला होता. त्या एका जनावरावरून दख्खनचं राजकारण कळतं. आपल्याकडे चांगला लढाऊ घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तानातून, इराणातून गलबतांनी यायचा. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनींपासून फुटून निजामशाहीचं स्वतंत्र राज्य मांडलं, तेव्हा त्याच्या घोडदळाची वाट चौलच्या धक्क्यावरूनच येत होती.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती १५०८ च्या लढाईची. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत म्हणून चौलला आला होता. इजिप्तचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली चालून आलं, मागून दीवचा मलिक अयाजही आला. खाडीतून निसटताना लोरेन्सोच्या जहाजाला भोक पडलं, पाणी भरलं आणि ते वाहत जाऊन मासेमारीच्या खुंटांत अडकलं. ओढून काढायची धडपड फसली. लोरेन्सो तिथेच मारला गेला. पोर्तुगिजांचा हिंदी महासागरातला हा पहिला मोठा पराभव. पुस्तकांत अमीर हुसेनचं नाव येतं, अयाजचं येतं. खुंट रोवणाऱ्यांचं कुणी घेत नाही.

ते खुंट काय असतात हे मी चौलशेजारच्या रेवदंड्याला जाऊन समजून घेतलं. डोल जाळं तोंडाला रुंद, शेपटाकडे निमुळतं. ते ओढायचं नसतं. खाडीच्या तळात रोवलेल्या जाड खुंटांना बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडून द्यायचं. पाणीच मासळी आत लोटतं. वेळ झाली की शेपटाची गाठ सोडून जवळा, बोंबील होडीत ओततात. एक वयस्कर तांडेल म्हणाले, "भरतीला खुंट दिसत नाय, मास्तर. जागा आमाला ठाव, परक्याला कुठची?" पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या लढाईचा इतका नेमका खुलासा मी कुठल्याही ग्रंथात वाचलेला नाही.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. १५१५ पासून होर्मुझ पोर्तुगिजांच्या हाती होतं, त्यामुळे त्यांना दुखवून घोडा मिळणं कठीण. म्हणून १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना चौलला कोट बांधू दिला. त्याला दोष देणं सोपं आहे. मला त्याची अडचण दिसते. नगर तोफांच्या बाबतीत मागे नव्हतंच. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये रूमी खानाने नगरलाच ओतली. तरी १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, महिनोन्‌महिने तोफा डागल्या, तेव्हा तो कोट पडला नाही. भिंती फुटत होत्या, पण समुद्राकडून कुमक, दाणागोटा येतच राहिला. ती वाट अडवणं निजामशाहीला जमलं नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर दुसऱ्या बुऱ्हाणाने किल्ला उभारला, तो १५९४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला.

१६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. १६३६ च्या तहात निजामशाहीचं कोकण विजापूरकडे गेलं आणि नगरचा समुद्राशी संबंध संपला. कोर्लईत मात्र आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली काही घरांत बोलतात. रेवदंड्याला तो जुना पोर्तुगीज कोट माडांमध्ये उभा आहे.

आमच्याकडच्या शाळांच्या सहली दौलताबादला जातात, वेरूळला जातात. चौलला एक तरी न्यावी, मुख्याध्यापकांना मी पुनःपुन्हा सांगतो. आणि जमल्यास ओहोटीच्या वेळी, म्हणजे खुंट दिसतील.